भांडी : स्वच्छ

मे महिना. सकाळी साडेनऊलाच
फाटकाचं लोखंड हाताला चटका देत होतं.
पर्समधून काढून घेतलं: सेफ्टीपिना, नेलकटर, गोळ्यांची पट्टी,
एक गोल आरसा. शिपायानं वहीत लिहून सही घेतली.
मग तीन कुलपं. तिसऱ्याची किल्ली सापडेना तेव्हा
टेंभुर्णे साहेबांनी ओला रुमाल डोक्यावर ठेवला,
म्हणाले, मॅडम, पहिली नोंद ही करा.
केली.

बंदिस्त स्त्री विभाग. खाटा चाळीस, बायका एकेचाळीस.
पंखे सहा, फिरणारे चार.
कूलरमध्ये पाणी आहे. वाळ्याच्या ताट्या नव्या,
इतक्या नव्या की अजून दुकानाचाच वास.
रांजणावर झाकण आहे. ओगराळं साखळीला.
खिडकीच्या जाळीतून कडुनिंबाचं झाड, अर्धंच.
औषधांची वही पाहिली. सिस्टर उईकेंचं अक्षर
फळ्यावरच्या सुविचारासारखं, एक खाडाखोड नाही,
आणि रात्रपाळी सलग सतरा दिवस त्यांच्याच नावावर.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांनी बंद पंख्याकडे.

प्रश्न सव्वीस, भांडी.
थाळ्यांवर पिवळट थर, त्यात एकच
विहिरीच्या तळासारखी लखलखीत.
खूण केली, पुढे गेले.
कामठीला तीस वर्षं मेट्रन होते मी,
भांड्यांकडे बघायची सवय,
भांड्यात बघायची नाही.

जेवणाची घंटा झाली. देवकाबाई बारापात्रे
रांगेत शेवटून तिसरी.
एकेकाळी इतवारीत मागावर बसायची.
वाढून घेण्याआधी तिनं थाळी उजेडाकडे तिरपी धरली,
भुवईवरून बोट फिरवलं,
एक बट कानामागे नेली, ती परत आली, पुन्हा नेली,
आणि मगच भात घेतला.

"राखेनं घासतो मी. माळी पाला जाळते न, तिथची राख.
काच देत नाही इथं. बरोबरच आहे त्यांचं,
त्या कोपऱ्यातल्या पोरीनं एकदा..."
वरण कालवत राहिली.
"पण बाई, नऊ वर्षं तोंडच नाही पाहिलं
तर मानूस स्वतःले दुसऱ्याच्याच नावानं हाक मारते.
खरं सांगा, नाक एवढं मोठं आहे काय माझं?
थाळीत लय मोठं दिसते."
नाही, म्हटलं, नाक ठीक आहे.
"अन् केस?"
पांढरे.
"सारेच?"
कपाळाजवळ.
खूश झाली. का, ते कळलं नाही मला.

तिची फाइल मागवली.
घरी पाठवण्यास योग्य, असा शेरा. सहा वर्षांपूर्वीचा.
पत्ता गोळीबार चौकाजवळचा.
टाचणीला लावलेली तीन पाकिटं, तिन्ही परत आलेली,
शेवटच्यावर पोस्टमननं निळ्या शाईत लिहिलंय:
घर विकले.

शिफारशींच्या पानावर मी लिहायला घेतलं,
न फुटणारा आरसा, भिंतीत पक्का बसवलेला,
उंची...
"नका लिहू, मॅडम," सिस्टर उईके दारातूनच म्हणाल्या.
"मागच्या समितीनं चमच्यांबद्दल लिहिलं,
चांगल्याच मनानं. जास्त द्या, म्हणून.
वर कोणीतरी वाचलं की यांच्या हातात चमचे आहेत.
दुसऱ्या आठवड्यात गेले.
आरसा यायला टेंडर लागेल.
थाळ्या जायला एक फोन पुरतो."

बाहेर टेंभुर्णे साहेबांनी हॉर्न दिला.
मी एकेचाळिसाव्या खाटेवर दोन ओळी लिहिल्या,
पंख्यांवर एक, रात्रपाळीवर अकरा,
परत आलेल्या पाकिटांवर पान पुरलं नाही, मागे लिहिलं.
'न फुटणारा आरसा' खोडलं.
गिरवून गिरवून खोडलं, कागद फाटेस्तोवर,
अख्ख्या अहवालातली एकच खाडाखोड.
सव्वीसपुढची खूण तशीच ठेवली.

फाटकावर शिपायानं वस्तू मोजून दिल्या.
सेफ्टीपिना चार. नेलकटर. गोळ्या.
आरसा, गोल, एक.
मिळाला, असं लिहून सही करा म्हणाला.
लोखंड आता सकाळपेक्षा तापलेलं.
केली सही.